माउंटन गोरिला बघायला जायचंय? पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सगळं सुरुवातीपासून

आधी एक गोष्ट क्लिअर करूया. झूमध्ये जे गोरिला दिसतात ते जवळपास सगळे वेस्टर्न लोलँड गोरिला असतात, म्हणजे सखल भागातल्या जंगलातले. माउंटन गोरिला जगातल्या कुठल्याच झूमध्ये नाहीत, त्यांना बघायचं तर डोंगर चढून जंगलातच जावं लागतं. आणि ती जंगलंही दोनच. एक विरुंगा ज्वालामुखींची रांग, जी रवांडा, युगांडा आणि काँगो या तीन देशांत पसरलीये, आणि दुसरं तिथून थोडं उत्तरेला युगांडातलं ब्विंडी. दोन्हीकडच्या शेवटच्या मोठ्या मोजणीत मिळून १,०६३ गोरिला निघाले, विरुंगात ६०४ आणि ब्विंडीत ४५९. हा आकडा वाढता आहे, म्हणूनच २०१८ साली त्यांना 'अतिसंकटग्रस्त' मधून एक पायरी खाली 'संकटग्रस्त' यादीत आणलं. आणि तो वाढण्यामागे गोरिला बघायच्या परमिटसाठी आपण भरतो त्या पैशांचा मोठा हात आहे, हे डोक्यात असलं की पुढचे आकडे वाचून घाम कमी फुटतो.

नवीन माणूस पहिलं काय विचारतो, तर "मला चढायला जमेल का?" माझं मत विचाराल तर पायांची काळजी दुसऱ्या नंबरवर ठेवा. या ट्रिपमध्ये लोक अडकतात ते दोन गोष्टींत, परमिटची तारीख-ठिकाण आणि सर्दी. बाकी सगळं निभावतं.

पायरी १: देश ठरवा

काँगो सध्या यादीतून काढा. तिथलं विरुंगा पार्क सुंदर आहे आणि परमिटही स्वस्त होतं, पण पूर्व काँगोत जो सशस्त्र संघर्ष चाललाय तो बघता टूरिस्ट म्हणून तिकडे जाण्यात काही अर्थ नाही.

उरले रवांडा आणि युगांडा. रवांडात परमिट १,५०० डॉलर, २०१७ मध्ये त्यांनी एका फटक्यात ७५० चे १,५०० केले. युगांडात परदेशी माणसाला ८०० डॉलर. म्हणजे एका माणसाचे साधारण सव्वा लाख विरुद्ध सत्तर हजार, आणि ते फक्त परमिटचे, विमान-हॉटेल-गाडी वेगळं. हे दर बदलत राहतात, त्यामुळे बुक करायच्या दिवशी परत बघा.

पैसे सोडले तर फरक असा. रवांडात किगाली एअरपोर्टवरून मुसान्झे गाव गाडीने अडीच तासांच्या आसपास, रस्ता गुळगुळीत. तिथून जवळ किनिगीला व्होल्कॅनोज नॅशनल पार्कचं, म्हणजे विरुंगाच्या रवांडातल्या भागाचं मुख्यालय. चढण बटाट्याच्या आणि पायरेथ्रम फुलांच्या शेतांतून सुरू होते, मग एक दगडी बांध ओलांडून बांबूच्या जंगलात शिरायचं. जंगल त्यामानाने मोकळं, फोटोला बरं. युगांडात एन्टेबे एअरपोर्टवरून ब्विंडी म्हणजे गाडीत आठ ते दहा तास, आणि तिथल्या दऱ्या खड्या, झाडी गच्च. पावसात आंबोलीच्या जंगलात पायवाट सोडून ओढ्याकडे उतरायचं म्हटलं तर जसं वाटेल तसं.

घरात वयस्कर मंडळी असतील, सुट्टी कमी असेल आणि पैशांचा प्रश्न नसेल तर रवांडा. बाकी सगळ्यांना मी युगांडाच सांगीन, कारण उरलेल्या पैशांत चिंपांझी, क्वीन एलिझाबेथ पार्क, नाईलवरचा मर्चिसन धबधबा असं बरंच काही जोडता येतं.

एक मधला मार्ग पण आहे, बरेच जण करतात. विमानाने किगालीला उतरायचं आणि गाडीने सायानिका किंवा गातुना बॉर्डर ओलांडून युगांडात जायचं, ब्विंडीचा दक्षिण भाग किगालीपासून चार-पाच तासांवर येतो. परमिट युगांडाचं, प्रवास छोटा. यासाठी ईस्ट आफ्रिका टूरिस्ट व्हिसा घ्या, १०० डॉलर, ९० दिवस, त्यात युगांडा-रवांडा-केनिया तिन्ही येतात. फक्त ज्या देशात पहिल्यांदा उतरणार त्याच देशाकडून तो काढायचा. आणि निघायच्या आधी बॉर्डर चालू आहे ना ते बघा, गातुना मधे ३ वर्षं बंदच होती.

पायरी २: परमिट आधी, विमान नंतर

हे उलटं केलं की गोंधळ झालाच म्हणून समजा. माणसांना सरावलेल्या एका गोरिला कुटुंबाकडे दिवसाला फक्त ८ लोक सोडतात, एकदाच, एक तासासाठी. असं सरावायला एका कुटुंबाला दोन-तीन वर्षं लागतात, त्यामुळे कुटुंबं मोजकी आणि परमिटही मोजकी. जून ते सप्टेंबर आणि डिसेंबर-जानेवारी ही तर महिने-महिने आधी संपतात. स्वस्त तिकीट मिळालं म्हणून विमान बुक करून बसलात आणि त्या आठवड्यात परमिटच नाही, असं झालं तर कोणी काही करू शकत नाही.

युगांडात परमिट युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटी देते आणि रवांडात रवांडा डेव्हलपमेंट बोर्ड. स्वतः काढता येतं, पण युगांडाच्या बाबतीत तिथल्या टूर ऑपरेटरमार्फत काढणं सोपं जातं, गाडी-ड्रायव्हर तसाही लागतोच. पैसे पाठवायच्या आधी ऑपरेटरचं रजिस्ट्रेशन तपासा आणि पैसे भरल्यावर परमिटची कॉपी मागा, ज्यावर तुमचं पासपोर्टवरचं नाव, नंबर, तारीख आणि सेक्टर छापलेलं असतं. "परमिट होल्डवर आहे" म्हणजे परमिट नाही.

आता तो सेक्टर. ब्विंडीला चार बाजूंनी आत शिरता येतं: उत्तरेला बुहोमा, पूर्वेला रुहिजा, दक्षिणेला रुशागा आणि नैऋत्येला न्कुरिंगो. नकाशावर सगळं एकच जंगल, ३२१ चौरस किलोमीटर, टिचभर दिसतं. पण रस्ता जंगलाला वळसा घालत डोंगरातून जातो, रुशागाचं परमिट आणि बुहोमाचं लॉज असं झालं तर पहाटे अंधारात कित्येक तास गाडी हाणावी लागते आणि रिपोर्टिंगची वेळ हुकली की परमिट गेलं. त्यामुळे क्रम असा: परमिट, मग सेक्टर बघून लॉज, मग विमान.

सेक्टर कुठला? बुहोमा सगळ्यात जुना, इथलं गोरिला पर्यटन १९९३ पासूनचं, लॉज भरपूर. रुशागात सरावलेली कुटुंबं सगळ्यात जास्त, म्हणून परमिट मिळायची शक्यता जास्त. न्कुरिंगोत उतार भयानक, गुडघे दुखत असतील तर तिकडे जाऊ नका. रुहिजा सगळ्यात उंच, थंडी चांगलीच असते.

रुशागाला 'हॅबिट्युएशन' नावाचा अजून एक प्रकार आहे, अजून पूर्ण न सरावलेल्या कुटुंबाबरोबर चार जणांनी चार तास काढायचे. महाग आहे आणि ते गोरिला पळत राहतात. पहिल्या वेळेला नको.

पायरी ३: कधी जायचं

कोरडे महिने जून ते ऑगस्ट-सप्टेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी. मार्च ते मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर पाऊस. दिवाळीची सुट्टी बरोबर पावसात येते आणि मे महिन्याची सुट्टीही अर्धी पावसातच, हे आपल्या लोकांचं दुखणं आहे. पण म्हणून प्लॅन सोडू नका. पावसाळ्यात परमिट मिळतं, लॉज स्वस्त होतात, आणि विरुंगात पाऊस पडला की बांबूचे कोंब फुटतात ते खायला गोरिला बऱ्याचदा खालच्या बाजूला येतात. चिखल मात्र होतो. तसंही हे रेनफॉरेस्ट आहे, कोरड्या महिन्यातसुद्धा दुपारी पाऊस येऊ शकतो.

आणि वय. १५ वर्षांखालच्या मुलांना परवानगी नाही, कितीही उंच दिसला तरी पासपोर्ट बघतात. वरच्या वयाला मर्यादा नाही.

पायरी ४: पिवळं कार्ड आणि इतर कागद

यलो फीवरची लस कंपल्सरी समजा. युगांडात शिरताना बघतात, आणि त्याहून कडक म्हणजे परत येताना आपल्याकडे बघतात. लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. ही लस नेहमीच्या दवाखान्यात मिळत नाही, सरकारमान्य सेंटरलाच घ्यावी लागते, मुंबईत एअरपोर्ट आणि पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशनकडे होते, आणखी काही शहरांत ठरलेली सेंटर्स आहेत. अपॉइंटमेंट आधी घ्या, पासपोर्ट न्या. घेतल्यावर १० दिवसांनी सर्टिफिकेट व्हॅलिड होतं, मग आयुष्यभर. अंड्याची अॅलर्जी, प्रेग्नन्सी किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरशी बोला. त्याच वेळी मलेरियाच्या गोळ्यांबद्दलही विचारा, ब्विंडीच्या थंडीत डास कमी असले तरी एन्टेबे आणि सफारीच्या भागात भरपूर आहेत.

युगांडाचा ई-व्हिसा ऑनलाइन होतो, सिंगल एंट्री ५० डॉलर, त्यात हेच पिवळं कार्ड अपलोड करावं लागतं. म्हणजे लस आधी, व्हिसा नंतर.

मुंबईहून एन्टेबेला युगांडा एअरलाइन्सची डायरेक्ट फ्लाइट २०२३ मध्ये सुरू झाली, नाहीतर अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे. डॉलरच्या नोटा नव्या, न दुमडलेल्या आणि अलीकडच्या सालच्या घ्या. २००९ च्या आधी छापलेल्या नोटा युगांडात बहुतेक ठिकाणी परत करतात आणि लहान नोटांना रेट कमी देतात. रवांडात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आहे, बॅगेत कपडे पिशवीत भरायची सवय असेल तर कापडी वापरा.

पायरी ५: सर्दी होऊ देऊ नका

गोरिलांचा डीएनए आपल्याशी साधारण ९८ टक्के जुळतो, म्हणजे आपला खोकला त्यांना लागतो. आपल्याला साधं नाक गळणं, त्यांना न्यूमोनिया. त्यामुळे सकाळी रेंजरला तुम्ही आजारी वाटलात तर तो पाठवत नाही. गोळी घेऊन दाबून नेऊ असा विचार करणारे महाभाग असतात, प्लीज करू नका. सगळ्या जगात जेमतेम हजार उरलेत.

म्हणून जायच्या आधीच्या आठवड्यात लग्न, लोकल, मॉल जमेल तेवढं टाळा, विमानात मास्क लावा, आणि आफ्रिकेत उतरल्या उतरल्या ट्रेक ठेवू नका, मधे एक-दोन दिवस ठेवा. एन्टेबेवरून जाताना लेक म्बुरो पार्कला मुक्काम केला तर तो दहा तासांचा प्रवासही तुटतो आणि झेब्रे बघून होतात.

पायरी ६: तब्येत आणि पाय

ब्विंडी ११६० ते २६०७ मीटर उंचीवर पसरलंय. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ब्विंडीत बऱ्याच ठिकाणी तुम्ही त्याच्या वर असता, थोडी धाप लागते, त्याने घाबरू नका. राजमाची किंवा कळसूबाई पाठीवर सॅक घेऊन न कुरकुरता होत असेल तर हे होतं. फरक एवढाच की इथे वाट अशी नसते. पुढचा माणूस कोयत्याने झाडी तोडत जातो, पायाखाली वेलींची गादी, पाय कुठे टेकतोय कळत नाही. निघायच्या दोन महिने आधीपासून आठवड्याला एखादा डोंगर करा, आणि उतरायची प्रॅक्टिस जास्त करा.

किती चालावं लागेल ते कोणीच सांगू शकत नाही. अर्ध्या तासात दिसतात, कधी जाऊन-येऊन अख्खा दिवस जातो. सकाळी ब्रीफिंगला गाइडला स्पष्ट सांगा की मला जवळचं कुटुंब द्या, गुडघा दुखतो. लाजू नका, ते खरंच त्याप्रमाणे ग्रुप लावायचा प्रयत्न करतात, गॅरंटी मात्र नाही. अगदीच चालता येत नसेल तर गावातली माणसं खुर्चीवर उचलून नेतात, पाळीपाळीने खांदा देत. तिकडे त्याला गमतीने 'हेलिकॉप्टर' म्हणतात. पैसे बरेच लागतात, पण आजी-आजोबांना नेणाऱ्यांनी विचारून ठेवा.

पायरी ७: सॅकमध्ये काय

घोट्याच्या वर येणारे, आधी वापरलेले ट्रेकिंग शूज. नवीन शूज घालून जाऊ नका. जाडसर फुल पँट, मोज्यात खोचायला लांब मोजे, कारण सफारी मुंग्या पँटमध्ये शिरल्या की माणूस भर जंगलात नाचतो. जीन्स नको, भिजली की वाळत नाही. फुल बाह्यांचा शर्ट, चांगला रेनकोट, आणि बागकामाचे हातमोजे. हातमोज्यांना लोक हसतात, पण तिथे आधाराला जे झुडूप पकडाल ते काटेरी किंवा खाजरं नेटल निघतं, आणि नेटलची आग तासभर जात नाही.

दोन लिटर पाणी, दोन-तीन मास्क, सॅनिटायझर. डबा लॉजवाले देतात, व्हेज आदल्या रात्रीच सांगून ठेवा नाहीतर अंडं-ब्रेड येतो. ठेपले-चिवडा बरोबर असलेला बरा. तसं युगांडात आपल्या जेवणाचे हाल होत नाहीत, चपाती आणि राजम्यासारखे बीन्स सगळीकडे मिळतात, आणि 'रोलेक्स' मागितलं तर घड्याळ नाही, चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट येतं.

कॅमेरा असेल तर ७०-२०० ची लेन्स पुष्कळ झाली. मोठी तोफ नेऊ नका, अंतर कमी असतं आणि उजेडही कमी. काळ्या केसांमुळे कॅमेरा फोटो उगीच उजळवतो, एक्सपोजर थोडं मायनस ठेवा. फ्लॅश पूर्ण बंद, हे घरूनच करून जा.

पायरी ८: ट्रेकची सकाळ

रवांडात किनिगीला सातला हजर व्हायचं, युगांडात सेक्टरच्या ऑफिसला साडेसात-आठच्या आत. ओरिजिनल पासपोर्ट लागतो. नाव नोंदणी, हात धुणं, ब्रीफिंग, मग आठ-आठचे ग्रुप. रवांडात तिथून ट्रेकच्या सुरुवातीपर्यंत जायला स्वतःची गाडी लागते, सार्वजनिक वाहन नाही, हे बऱ्याच जणांना तिथे गेल्यावर कळतं.

तोपर्यंत ट्रॅकर्स पहाटेच निघून गेलेले असतात. गोरिला रोज संध्याकाळी नवीन घरटं करून झोपतात, त्यामुळे ट्रॅकर काल जिथे सोडलं तिथे जातात, रात्रीची घरटी शोधतात आणि तिथून माग काढत कुटुंब गाठतात, मग वॉकीटॉकीवर तुमच्या गाइडला सांगतात. म्हणूनच गोरिला दिसण्याची खात्री एवढी जास्त असते. बरोबर बंदूकधारी रेंजर असतो, ती बंदूक गोरिलांसाठी नाही, जंगली हत्ती आणि रानरेडे (आफ्रिकन बफेलो) आले तर हवेत बार काढायला.

पोर्टर घ्या. सॅक हलकी असली तरी घ्या. वीस डॉलरच्या आसपास होतात, सॅक तर तो घेतोच पण चिखलाच्या उतारावर तुमचा हात धरून तोच खाली नेतो. ही जंगलाकाठच्या गावांतली पोरं असतात, गोरिला जिवंत राहण्यात त्या गावांचा फायदा व्हायला हवा तर तो असाच होतो. टिप वेगळी द्या.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते पण सांगतो, वाटेत टॉयलेट नसतं. लागली तर गाइडला सांगायचं, तो कोयत्याने खड्डा करून देतो, नंतर बुजवायचं. महिलांनी पाणी कमी पिऊन स्वतःला त्रास करून घेऊ नये, गाइड लोकांना याची रोजची सवय आहे.

पायरी ९: तो एक तास

ट्रॅकर भेटले की थांबायचं. सॅक, काठ्या, खाणं सगळं पोर्टरकडे ठेवून मास्क लावायचा, आणि फक्त कॅमेरा घेऊन पुढे. इथून घड्याळ सुरू.

अंतर १० मीटर ठेवायचं. आता जंगलात १० मीटर मोजणार कोण, आणि पिल्लांना नियम माहीत नसतात, ती चालत येतात. अशा वेळी हात पुढे करायचा नाही, हळू मागे सरायचं, गाइड सांगेल तसं. मोठ्याने बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही, शिंक आली तर तोंड फिरवून कोपरात.

मधेमधे गाइड घशातून "ह्म्म-म्म्" असा खालचा आवाज काढतो. गोरिला निवांत खात असताना असाच आवाज काढतात, म्हणजे आम्ही शांत आहोत, चालू द्या तुमचं. याउलट खोकल्यासारखा तुटक आवाज आला तर तो इशारा.

सिल्व्हरबॅक म्हणजे पूर्ण वाढलेला नर, कुटुंबप्रमुख त्यांच्यातलाच, साधारण बाराव्या वर्षांनंतर पाठ चंदेरी होते. दीडशे किलोच्या वर वजन, आणि दिसायच्या आधी घामट उग्र वास येतो. तो उठून छाती बडवत अंगावर आला तरी पळायचं नाही. हे लिहायला सोपं आहे, माहितीये. खाली बसा, नजर जमिनीकडे, गाइडच्या मागे राहा. बहुतेक वेळा ते नुसतं दाखवणं असतं, थोडं अंतर राखून थांबतो आणि काही झालंच नाही असं पाला खायला बसतो.

पहिली दहा मिनिटं कोणाचाच फोटो नीट येत नाही, हात थरथरत असतात आणि मधे पानं असतात. मी म्हणीन फोटोला वीस मिनिटं द्या, मग कॅमेरा खाली. नुसतं बघा, आईच्या पाठीवरून घसरणारं पिल्लू, किंवा काटेरी देठ सोलून आतला गर काढणारी बोटं. प्रत्येकाच्या नाकावरच्या सुरकुत्या वेगळ्या असतात, संशोधक त्यावरूनच ओळखतात, तुम्हालाही अर्ध्या तासात दोन-तीन जण वेगळे ओळखू यायला लागतात. तास संपला की गाइड सांगतो, "अजून दोन मिनिटं" म्हणून वाद घालू नका.

पायरी १०: खाली आल्यावर

गाइड, ट्रॅकर, रेंजर आणि पोर्टर यांना टिपचे वेगवेगळे सुट्टे आधीच पाकिटात करून ठेवा. त्याच दिवशी पुढचा लांबचा प्रवास ठेवू नका, ट्रेक दुपारी एकला संपेल की संध्याकाळी पाचला हे तुमच्या हातात नसतं.

दुसऱ्या दिवशी वेळ असेल तर विरुंगाच्या बाजूला गोल्डन मंकी बघता येतात, परमिट बरंच स्वस्त. ब्विंडीकडे असाल तर बात्वा लोकांबरोबर चाला. ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या याच जंगलात राहायची, १९९१ मध्ये नॅशनल पार्क झालं आणि त्यांना बाहेर काढलं, जमीनही नीट मिळाली नाही. गोरिला वाचले त्याची ही पण किंमत आहे. त्यांचे कार्यक्रम बरेच ठिकाणी होतात, पण बुक करताना सरळ विचारा की पैसे बात्वांकडे जातात का मधल्या कोणाकडे, आणि उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे विचारा.

दोन दिवस दोन परमिट घ्यावीत का, हा प्रश्न हमखास येतो. बजेट असेल तर हो, दुसऱ्या दिवशी माणूस खूप शांत असतो आणि बघणं जास्त होतं. पण त्यासाठी कर्ज काढू नका, आणि दोन घेतलीच तर दोन्ही एकाच सेक्टरची घ्या.